‘ऱ्होड आयलंड’ची युद्धसेवा: पुरवठ्याची आगबोट नेमके काय करत होती?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकी यादवी युद्धातील ‘ऱ्होड आयलंड’ या आगबोटीचे नाव ‘मॉनिटर’ हे चिलखती जहाज बुडाले त्या एका रात्रीपुरतेच का घेतले जाते? ती नौदलाची पुरवठा-बोट होती, तर युद्धाच्या चार वर्षांत तिने प्रत्यक्षात काय केले? आणि शत्रूची जहाजे पकडल्याच्या ज्या नोंदी तिच्या नावावर आहेत, त्यांना किती महत्त्व द्यावे?

माझी सारी नोकरी बोटींच्या इंजिन खात्यात झाली आणि आगबोटींच्या काळातील रसद हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे हे उत्तर इतिहासकारापेक्षा इंजिन खात्यातल्या माणसाचे आहे, हे आधीच सांगतो. माझे मत असे की या बोटीची खरी कामगिरी १८६१ आणि १८६२ मधल्या कंटाळवाण्या फेऱ्यांत आहे. ‘मॉनिटर’च्या रात्री तिच्या खलाशांनी जे करून दाखवले, त्याची तालीमही याच फेऱ्यांत झालेली होती. पकडलेल्या जहाजांची यादी मी शेवटी ठेवीन.

आधी बोटीविषयी. १८६० मध्ये न्यूयॉर्क येथे लप्टन आणि मॅकडर्मट यांच्या कारखान्यात ती ‘जॉन पी. किंग’ या नावाने बांधली गेली. पुढे तिला आग लागली, दुरुस्तीनंतर ‘ईगल’ असे नाव मिळाले आणि जून १८६१ मध्ये नौदलाने तिला विकत घेतले. २९ जुलै १८६१ रोजी ती ‘ऱ्होड आयलंड’ या नावाने सेवेत दाखल झाली. तिचे कमांडर होते स्टीफन डी. ट्रेंचर्ड. लांबी सुमारे २३६ फूट, वजन दीड हजार टनांच्या आसपास आणि दोन्ही अंगांना मोठी चाके. मूळची ती व्यापारी बोट असल्याने तिची खणे प्रशस्त होती. लढाऊ जहाजात तोफा, दारूगोळा आणि माणसे यांनीच जागा संपते. येथे मात्र मालाला जागा होती आणि वेगही चांगला होता. नौदलाला त्या क्षणी नेमके हेच हवे होते.

ते का, हे समजण्यासाठी नाकेबंदीचा हिशेब पाहावा लागतो. १९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. हा किनारा सुमारे ३,५०० मैलांचा. जाहीरनामा निघाला तेव्हा नौदलाची सेवेत असलेली जहाजे जेमतेम चाळीस-बेचाळीस होती आणि त्यांतली पुष्कळशी परदेशी समुद्रात होती. नौदलमंत्री गिडियन वेल्स यांनी मिळेल ती बोट विकत घेतली, नव्या बांधायला घातल्या आणि युद्ध संपता संपता हा आकडा सहाशेच्या पुढे नेला. पण बंदराच्या तोंडावर जहाज उभे केले की नाकेबंदी झाली असे नव्हे. ते तेथे टिकले पाहिजे. शिडाच्या जहाजाला अन्न आणि पाणी असले की ते महिनोन्‌महिने समुद्रात राहू शकत असे. आगबोटीचे तसे नाही. रात्री अंधारात एखादी बोट निसटू लागली तर काही मिनिटांत पाठलागाला निघता यावे, म्हणून नांगरावर असतानाही भट्टीतला विस्तव दाबून जिवंत ठेवावा लागतो. म्हणजे जहाज जागचे हलत नसले तरी कोळसा जळतच असतो. शिवाय त्या काळच्या बहुतेक बॉयलरांना समुद्राचेच पाणी पाजले जात असे; आत मिठाचा थर साचत असे, तो खरवडून काढण्यासाठी आळीपाळीने बॉयलर थंड करावा लागे. कोळशासाठी एखादे जहाज तळावर गेले की तेवढे दिवस किनाऱ्यावर एक भोक पडले, आणि नाकेबंदी फोडणारे त्याच भोकाच्या शोधात असत.

कोळसा प्रामुख्याने भाड्याच्या शिडाच्या जहाजांतून तळांवर येत असे: हॅम्पटन रोड्स, नोव्हेंबर १८६१ मध्ये जिंकून घेतलेले पोर्ट रॉयल, की वेस्ट, मेक्सिकोच्या आखातातील शिप आयलंड आणि पुढे पेन्साकोला. पण ताजे मांस, भाजी, बर्फ, औषधे, टपाल, पगार आणि बदली माणसे या गोष्टी वाऱ्याच्या भरवशावर सोडता येत नाहीत. त्यासाठी वेळापत्रक पाळणारी आगबोट लागते. ‘ऱ्होड आयलंड’ आणि तिची जोडीदार ‘कनेक्टिकट’ या दोन बोटी याच कामाला पहिल्यापासून लावल्या गेल्या. नंतर त्यांच्यात ‘मॅसॅच्युसेट्स’, ‘बर्म्युडा’, ‘सर्केशियन’ यांसारख्या बोटींची भर पडली. उत्तरेच्या बंदरात माल भरायचा, किनाऱ्याच्या कडेकडेने फ्लोरिडाला वळसा घालून टेक्सासपर्यंत जायचे आणि वाटेत जे जहाज पहाऱ्यावर दिसेल त्याला त्याचा वाटा देऊन पुढे सरकायचे, असा हा क्रम. एसटीची गाडी जशी वस्तीच्या प्रत्येक थांब्यावर थांबते, तशी ही बोट मोठ्या युद्धनौकेपाशीही थांबे आणि दोन-चार तोफांच्या लहानशा गनबोटीपाशीही. फेब्रुवारी आणि मार्च १८६२ मधल्या एका फेरीत तिने शंभराहून अधिक जहाजांना माल पोचवला. या एका आकड्यापाशी वाचकाने थोडे थांबावे. सुमारे सहा आठवड्यांच्या फेरीत शंभराहून अधिक वेळा समुद्रात थांबणे, होड्या उतरवणे, माल मोजून देणे, सही घेणे आणि पुन्हा वाफ चढवून निघणे, म्हणजे दिवसाला दोन-तीन जहाजे झाली.

उघड्या समुद्रात माल देणे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय त्यातले कष्ट कळत नाहीत. धक्का नाही, क्रेन नाही. दोन्ही जहाजे लाटांवर खालीवर होत असतात आणि पुरवठा-बोटीच्या अंगाला चाकाची पेटी बाहेर आलेली असते. त्यामुळे दुसऱ्या जहाजाला अगदी खेटून उभे राहण्याची सोय नाही, लाटेने ढकलले तर आधी चाकाचीच मोडतोड. म्हणून बहुतेक वेळा होड्या सोडाव्या लागत. होडी पाण्यात उतरवताना पुढचा आणि मागचा दोर एकदम सुटला पाहिजे. एक टोक आधी मोकळे झाले तर माणसांसकट होडी उभी टांगली जाते. मग खारवलेल्या मांसाची पिंपे, बटाट्या-कांद्याची पोती, बर्फात गुंडाळलेले गोमांसाचे तुकडे आणि टपालाच्या थैल्या दोराने खाली सोडायच्या, आणि लाट होडीला वर आणते त्या क्षणीच ओझे तिच्यात टेकवायचे. क्षणभर उशीर झाला तर पिंप होडीचा तळ फोडून जाते. समोरच्या जहाजावर हीच कसरत उलट्या क्रमाने. आजही खुल्या समुद्रात दोरावरून माल घेताना सारंगाची नजर मालावर कमी आणि लाटेवर जास्त असते.

मालाच्या वाटणीतही एक अडचण होती. बर्फ वितळत असतो. उत्तरेकडच्या जहाजांना मांस ताजे मिळणे सोपे; आखाताच्या टोकाला गॅल्व्हस्टनसमोर उभ्या असलेल्या जहाजाच्या वाट्याला उरलेसुरले येण्याचा धोका मोठा. आणि नेमकी तीच जहाजे घरापासून सर्वांत लांब, सर्वांत उकाड्यात आणि स्कर्व्हीच्या तोंडावर असत. हा रोग ताज्या भाजी-फळांच्या अभावी होतो हे तेव्हा ठाऊक होते; प्रश्न ज्ञानाचा नव्हता, बटाटे आणि कांदे वेळेवर पोचवण्याचा होता. हिरड्या सुजलेला, सांधे आखडलेला तोफखलाशी रोस्टरवर हजर दिसतो, पण कामाला उपयोगी नसतो. त्यामुळे पुरवठा-बोटीने दिलेल्या कांद्याच्या पोत्याचे मोल पौंडांत मोजू नये. त्याने किती माणसे तोफेपाशी उभी राहिली यावर मोजावे. परतीच्या वाटेवर ती रिकामी नसे. आजारी आणि जखमी, मुदत संपलेले खलाशी, कैदी आणि उत्तरेकडे जाणारे टपाल घेऊन ती परत येई.

आमच्या खात्याची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण पुस्तकांत ती क्वचितच येते. चाकाच्या आगबोटीत फळ्या पाण्यात किती बुडतात यावर इंजिनाचे सारे गणित असते. निघताना पुरवठा-बोट मालाने आणि कोळशाने जड असते. चाके खोल बुडतात, इंजिनावर भार येतो आणि वेग मंदावतो. जसजसा माल उतरतो आणि कोळसा जळतो, तसतशी बोट वर येते; फळ्या पाणी धड पकडत नाहीत. त्यात समुद्र खवळलेला असला आणि बोट डोलू लागली, की एका बाजूचे चाक बुडते आणि दुसरे हवेत भरधाव फिरते, मग क्षणात उलट. शाफ्ट आणि बेअरिंगांना याहून वाईट काही नाही. दर फेरीला हे सगळे सोसायचे, बंदरात थोडक्या दिवसांत डागडुजी करायची आणि पुन्हा माल भरून निघायचे. अशी बोट वर्षदीड वर्ष वेळापत्रक पाळते, यात तिच्या इंजिनिअरांचे आणि आगवाल्यांचे श्रेय किती, ते तोफांच्या इतिहासात सापडणार नाही.

आता ‘मॉनिटर’. मार्च १८६२ मध्ये दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती जहाजाशी झालेल्या झुंजीने जगभर गाजलेले हे जहाज मुळात उघड्या समुद्रासाठी नव्हते. त्याचा डेक पाण्यापासून जेमतेम दीड फूट वर, मध्ये फिरता लोखंडी बुरूज आणि बाकी सारे पाण्याखाली. दक्षिणेकडे न्यायचे तर दुसऱ्या बोटीने ओढूनच न्यावे लागे, आणि ओढायला मजबूत चाकांची, त्या मार्गाची सवय असलेली बोट हवी. ‘ऱ्होड आयलंड’ला हे काम मिळाले ते असे. त्यात योगायोग काही नव्हता. ओढणे हेही पुरवठा-बोटीच्या कामांतलेच एक काम होते.

२९ डिसेंबर १८६२ रोजी दुपारी दोन जाड दोरखंडांनी बांधून ‘मॉनिटर’ हॅम्पटन रोड्समधून निघाले. मुक्काम उत्तर कॅरोलायनातील बोफोर्ट. पहिला दिवस शांत गेला. ३० तारखेला केप हॅटरासजवळ वारा वाढला आणि संध्याकाळपर्यंत लाटा बुरुजावरून जाऊ लागल्या. बुरुजाच्या बुडाशी, जेथे तो डेकवर टेकतो, तेथे दोरांचा भरणा ठोकून फट बुजवली होती. तो भरणा लाटांनी उखडला आणि पाणी आत शिरले. पंप चालू होते, पण पाणी भट्टीच्या पातळीकडे चढत गेले, कोळसा भिजला, वाफ उतरली आणि वाफेबरोबर पंपांचा जोर उतरला. इंजिन खात्यातल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही: पंप वाफेवर, वाफ विस्तवावर, आणि विस्तव पाण्याखाली चाललेला. कमांडर जॉन बँकहेड यांनी रात्री संकटाची खूण म्हणून लाल कंदील चढवला. दोरखंड तोडण्यासाठी माणसे उघड्या डेकवर गेली. त्यांतील काही लाटेबरोबर वाहून गेली, तरी दोर तुटला.

आणि येथे खरा घोळ झाला. तुटलेल्या दोरखंडाचे मोकळे टोक ‘ऱ्होड आयलंड’च्या चाकात गुंतले. चाकाच्या आगबोटीच्या आयुष्यातला याहून वाईट क्षण मला सुचत नाही. चाक फिरवले तर दोर अधिकच गुंडाळला जातो, न फिरवले तर बोट वाऱ्याच्या स्वाधीन. अंधारात, वादळात, चाकाच्या पेटीत शिरून भिजलेला ताठ दोर कुऱ्हाडीने तोडायचा, आणि चाक लाटेने आपोआप फिरले तर आतला माणूस गेलाच. तेवढ्या वेळात ती वाहत ‘मॉनिटर’वर चालून आली. लोखंडी डेकची धार लाकडी बोटीच्या अंगात घुसली असती तर दोन्ही जहाजे एकत्र गेली असती, आणि दोघांच्या मधे सापडलेल्या होडीचा चुरा होण्याची वेळ आली होती. चाक मोकळे झाले, बोट बाजूला निघाली आणि होड्या फेऱ्या घालू लागल्या.

माझा मुद्दा येथे आहे. वादळी रात्री, बुडू घातलेल्या, लाटांखाली जाणाऱ्या डेकला होडी लावणे, माणूस लाटेच्या नेमक्या क्षणी आत ओढणे आणि परत येऊन आपल्या बोटीला लागणे, ही कामे शौर्याने होतात तशी सवयीनेही होतात. गेले दीड वर्ष हेच खलाशी दिवसातून दोन-तीनदा होड्या उतरवत आले होते. केवळ तोफा चालवणाऱ्या एखाद्या जहाजाला त्या रात्री तेवढी माणसे काढता आली असती का, याविषयी मी साशंक आहे. ४७ जण वाचले, १६ गेले. मास्टर्स मेट डी. रॉडनी ब्राउन यांच्या हाताखालची होडी उरलेल्यांना आणायला पुन्हा निघाली आणि अंधारात तिला ना ‘मॉनिटर’ सापडले, ना स्वतःची बोट. मध्यरात्र उलटून ३१ डिसेंबर लागल्यावर ‘मॉनिटर’चा लाल दिवा दिसेनासा झाला. ब्राउन यांची होडी कित्येक तास वादळात भरकटली आणि केप हॅटरासच्या पूर्वेला सुमारे ५० मैलांवर एका शिडाच्या जहाजाने तिला उचलले. त्या होडीतील सात खलाशांना मेडल ऑफ ऑनर हे शौर्यपदक मिळाले. ब्राउन यांना ते मिळाले नाही, कारण नौदलात तेव्हा हे पदक अधिकाऱ्यांसाठी नव्हते. ‘मॉनिटर’चे अवशेष १९७३ मध्ये सापडले, आणि समुद्रतळावरून सर्वप्रथम वर आणलेल्या वस्तूंपैकी एक म्हणजे लाल कंदील.

त्यानंतरचा भाग मी भरभर सांगतो. १८६३ मध्ये ‘ऱ्होड आयलंड’ला वेस्ट इंडीजकडे पाठवले गेले. ‘अलाबामा’ आणि ‘फ्लोरिडा’ या दक्षिणेच्या लुटारू युद्धनौकांचा तेथे शोध चालला होता. ३० मे रोजी बहामाजमधील इल्युथेरा बेटापाशी तिने ‘मार्गारेट अँड जेसी’ या नाकेबंदी फोडणाऱ्या आगबोटीचा तोफा डागत पाठलाग केला आणि पळणारी ती आगबोट किनाऱ्यावर चढली. ब्रिटिश हद्दीत गोळीबार झाला म्हणून मोठी तक्रार झाली. गंमत अशी की ती बोट पुढे पाण्यात तरंगली, नोव्हेंबर १८६३ मध्ये पकडली गेली आणि ‘गेटिसबर्ग’ या नावाने अमेरिकी नौदलातच दाखल झाली. ऑगस्टमध्ये बहामाजजवळच ‘क्रॉनस्टाट’ ही कापूस, टर्पेंटाइन आणि तंबाखू घेऊन निघालेली ब्रिटिश आगबोट ‘ऱ्होड आयलंड’ने पकडली. त्याआधीच्या पुरवठ्याच्या फेऱ्यांतही टेक्सासच्या किनाऱ्यावर एकदोन लहान जहाजे तिच्या हाती लागली होती.

या पकडीच्या नोंदींना किती महत्त्व द्यावे, हे प्रश्नात विचारले होते. पकडलेल्या जहाजाचा खटला न्यायालयात चालत असे, माल लिलावात निघे आणि रकमेतला हिस्सा खलाशांना वाटला जाई; त्यामुळे त्याच्या कागदांची चळत वाढत जाई. कांद्याच्या पोत्याचा खटला होत नाही. म्हणून नोंदवह्यांतून इतिहास लिहिणाऱ्याला पकडलेली जहाजे ठळक दिसतात आणि माल पोचवलेली शंभर जहाजे एका ओळीत उरकतात. पाठलाग हे तिचे मुख्य काम नव्हते. वाटेत पैसा मिळत असेल तर कोणता खलाशी सोडील, एवढेच.

आपल्याकडच्या वाचकाला या नाकेबंदीचा परिणाम परका वाटू नये. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा बहुतांश भाग अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. प्रारंभी दक्षिणेने स्वतःच कापूस अडवून धरला आणि पुढे नाकेबंदी आवळत गेली, तेव्हा लँकेशायरची नजर मुंबईकडे वळली. खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत शेअरचा बाजार तापला, बॅक बे रेक्लमेशनच्या शेअरांचे भाव आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. प्रेमचंद रायचंद यांच्या त्याच काळातील देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याचा धागा थेट एका पुरवठा-बोटीला बांधणे अतिशयोक्ती होईल. पण गॅल्व्हस्टन आणि चार्ल्सटनसमोर जहाजे टिकून राहिली नसती, तर मुंबईच्या कापसाचे भाव इतकी वर्षे चढे राहिले नसते, हेही खरे.

१८६४ मध्ये बोस्टनला ‘ऱ्होड आयलंड’ची दुरुस्ती होऊन तिच्यावर जड तोफा चढवल्या गेल्या आणि ती लढाऊ क्रूझर बनली. डिसेंबर १८६४ आणि जानेवारी १८६५ मध्ये विल्मिंग्टनच्या तोंडावरील फोर्ट फिशरवर झालेल्या दोन्ही हल्ल्यांत ती ट्रेंचर्ड यांच्याच नेतृत्वाखाली होती. पहिला हल्ला फसला, दुसरा यशस्वी झाला. त्याच ताफ्यात ‘गेटिसबर्ग’, म्हणजे पूर्वाश्रमीची ‘मार्गारेट अँड जेसी’, आता मित्र म्हणून सामील होती. नाकेबंदी फोडणाऱ्यांचे शेवटचे मोठे बंदर या किल्ल्याबरोबर पडले. युद्धानंतर १८६५ च्या अखेरीस ‘ऱ्होड आयलंड’ ‘हॉर्नेट’ या बोटीसह हवानाला गेली आणि दक्षिणेचे चिलखती जहाज ‘स्टोनवॉल’ घेऊन परतली. तेच जहाज पुढे जपानला विकले गेले. १ ऑक्टोबर १८६७ रोजी नौदलाने ‘ऱ्होड आयलंड’ विकली आणि ती पुन्हा व्यापारी मार्गावर गेली, ते ‘चार्ल्सटन’ या नावाने. जिच्या फेऱ्यांनी नाकेबंदीची चार्ल्सटनसमोरची जहाजे पोसली, तिलाच त्या शहराचे नाव देताना खरेदीदाराने काय विचार केला होता, कोण जाणे, बहुधा भाड्याचाच.